साडेतीन टक्क्यांची बिटर: करांनी आणि युद्धांनी घडवलेली एक चव

१/
इंग्लंडमधील जुन्या पबच्या काउंटरवर एक उभी लाकडी मूठ असते. ती दोन-तीन वेळा खेचली की पेल्यात तांबूस रंगाचे, जेमतेम बोटभर फेस धरणारे पेय उतरते. त्याचे नाव ‘बिटर’, म्हणजे कडू. त्यात मद्यार्क अवघा साडेतीन ते चार टक्के. भारतात ‘स्ट्राँग’ म्हणून विकली जाणारी बिअर पाच टक्क्यांच्या वर, आठ टक्क्यांपर्यंत जाते. मराठी इतिहासाला ‘साडेतीन’ हा आकडा शहाण्यांमुळे परिचित आहे. ब्रिटिश इतिहासात तो या पेल्यात सापडतो.

२/
ब्रिटिशांना पूर्वापार हलकीच बिअर आवडते, अशी एक समजूत आहे. नोंदी तसे सांगत नाहीत. १९१४ च्या उन्हाळ्यात ब्रिटनमधील सरासरी बिअर पाच टक्क्यांच्या आसपास होती. चार वर्षांनी ती तीन टक्क्यांच्या घरात आली आणि त्यानंतर पूर्वीच्या पातळीवर पुन्हा कधीच स्थिरावली नाही. हे कोणी केले, कशासाठी केले आणि सक्तीने पातळ झालेल्या या पेयातून एक स्वतंत्र, सूक्ष्म चव कशी निर्माण झाली, हा या धाग्याचा विषय.

३/
आधी थोडी कृती. बार्लीला मोड आणून ती भट्टीत वाळवली की माल्ट होते. भरडलेले माल्ट गरम पाण्यात मुरवले की पिठाची साखर होते आणि गोड काढा मिळतो. त्यात हॉप्स नावाच्या वेलीची फुले उकळतात. कडवटपणा आणि सुगंध त्यांचा. गार झालेल्या काढ्यात यीस्ट पडले की ते साखर खाऊन मद्यार्क आणि वायू तयार करते. काढ्यात साखर जितकी अधिक, तितकी बिअर तीव्र.

४/
ही साखर मोजण्याचे माप म्हणजे ‘मूळ घनता’. शुद्ध पाणी १००० धरले, तर काढा १०३५, १०५० किंवा १०७० भरतो. स्थूलमानाने १०५५ चा काढा साडेपाच टक्क्यांची, तर १०३५ चा काढा साडेतीन टक्क्यांची बिअर देतो. हे माप काढणारे सॅकॅरोमीटर नावाचे उपकरण अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटिश ब्रुअरींमध्ये पोहोचले. पुढे हेच माप कर आकारणाऱ्यांच्या हाती लागले. पुढील सारी कथा समजण्यासाठी एवढे पुरे.

५/
आता पेल्यातील रंग. लाकडाच्या किंवा गवताच्या जाळावर वाळवलेले माल्ट काळपट आणि धुरकट होई. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये दगडी कोळशापासून केलेला कोक वापरात आला. त्याची आच धूररहित आणि आटोक्यात ठेवता येणारी होती. त्यामुळे फिकट माल्ट शक्य झाले आणि त्यापासून ‘पेल एल’, म्हणजे फिकट एल. मात्र ते महाग पडे. अठराव्या शतकातील लंडनचा श्रमिक ‘पोर्टर’ नावाची गडद तपकिरी बिअर पीत असे.

६/
कडवटपणाला साथ दिली पाण्याने. स्टॅफर्डशायरमधील बर्टन-अपॉन-ट्रेंट या गावच्या विहिरींचे पाणी जिप्समच्या थरांतून झिरपून येते. त्यातील कॅल्शियम सल्फेटमुळे हॉप्सचा कडवटपणा जिभेवर कोरडा आणि स्वच्छ उमटतो, बिअरही नितळ होते. पुढे इतर गावांचे उत्पादक आपल्या पाण्यात जिप्सम मिसळू लागले. बर्टनच्या बास कंपनीचा लाल त्रिकोण हा १८७६ साली ब्रिटनच्या व्यापारचिन्ह नोंदवहीतील पहिल्या क्रमांकाचा मानकरी ठरला.

७/
बर्टनच्या भरभराटीत हिंदुस्थानचा खरा वाटा आहे. लंडनच्या बो भागातील हॉजसन यांच्या ब्रुअरीची फिकट, भरपूर हॉप्स घातलेली एल ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून मुंबई, मद्रास आणि कलकत्त्याला जात असे. १८२० च्या दशकात बर्टनच्या उत्पादकांनी या व्यापारात उडी घेतली. ही एल समुद्रप्रवासासाठी मुद्दाम भयंकर तीव्र केली जाई, ही दंतकथा आहे. तत्कालीन अनेक बिअर तिच्याहून तीव्र होत्या. तिचे वैशिष्ट्य हॉप्सच्या प्रमाणात होते.

८/
१८३९ मध्ये बर्टनला रेल्वे पोहोचली आणि ही एल देशभर पसरली. १८६८ साली सुरू झालेल्या लंडनच्या सेंट पँक्रास स्थानकाच्या तळघरातील खांबांचे अंतर बर्टनची पिंपे नीट रचता यावीत अशा हिशेबाने ठरवले गेले. आज त्याच तळघरातून प्रवासी पॅरिसची गाडी पकडतात. १८४५ मध्ये काचेवरील कर रद्द झाल्याने काचेचे पेले स्वस्त झाले होते. फिकट, नितळ बिअर पारदर्शक पेल्यात उठून दिसू लागली.

९/
‘बिटर’ हे नाव उत्पादकांनी ठेवलेले नाही. त्यांच्या वह्यांत ‘पेल एल’ असे लिहिलेले असे. गिऱ्हाइके मात्र ‘माइल्ड’ या सौम्य बिअरपासून तिचा वेगळेपणा दाखवण्यासाठी ‘कडू’ मागत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून हा बोलीतला शब्द रूढ होत गेला. माइल्ड स्वस्त आणि कष्टकऱ्यांची. बिटर दोन पैसे जास्त मोजणाऱ्या कारकुनांची आणि व्यापाऱ्यांची, असा सामाजिक भेदही त्यात होता.

१०/
१८८० साल या इतिहासात कळीचे आहे. पंतप्रधान ग्लॅडस्टन यांनी, जे अर्थखातेही सांभाळत होते, माल्टवरील जुना कर रद्द केला आणि तयार होणाऱ्या बिअरवर कर बसवला. ३६ गॅलनचे एक पिंप, मूळ घनता १०५७, कर ६ शिलिंग ३ पेन्स. घनता कमी असेल तर कर त्या प्रमाणात कमी. १८८९ मध्ये प्रमाण घनता १०५५ करण्यात आली. काढ्यात काय घालायचे याचे स्वातंत्र्य उत्पादकाला मिळाले. किती साखर असावी, याची किंमत सरकारने ठरवली.

११/
तेव्हापासून घनतेचा प्रत्येक अंश सरकारी तिजोरीशी जोडला गेला. कर माफक होता, त्यामुळे त्याचा परिणाम लगेच डोळ्यांत भरला नाही. पण चाकोरी आखली गेली होती. युद्धकाळात सरकारला बिअर पातळ करायची झाली, तेव्हा मोजण्याचे साधन, नोंदवह्या आणि निरीक्षक हे सारे आधीच हाताशी होते.

१२/
विज्ञानही हलक्या बिअरच्या बाजूने होते. पूर्वी बिटर महिनोन्‌महिने पिंपात मुरवत. मद्यार्क आणि हॉप्स तिला आंबू देत नसत. १८७१ मध्ये लुई पाश्चर यांनी लंडनच्या व्हिटब्रेड ब्रुअरीला भेट देऊन तेथील यीस्ट सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. १८७६ मध्ये त्यांचा बिअरवरील ग्रंथ आला. स्वच्छता आणि यीस्टची निगा सुधारली, तशी काही आठवड्यांतच प्यायची ‘चालती’ बिअर करणे शक्य झाले. आजच्या बिटरचा थेट पूर्वज हाच.

१३/
ऑगस्ट १९१४. युद्ध सुरू झाले. नोव्हेंबरच्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री डेव्हिड लॉइड जॉर्ज यांनी बिअरवरील कर प्रमाण पिंपामागे ७ शिलिंग ९ पेन्सवरून एकदम २३ शिलिंगांवर नेला. जवळजवळ तिप्पट! युद्धाला पैसा हवा होता हे एक कारण. दुसरे कारण नैतिक होते. लॉइड जॉर्ज वेल्समधील मद्यविरोधी धर्मपंथीय वातावरणात वाढलेले होते.

१४/
१९१५ च्या वसंतात आघाडीवर तोफगोळे कमी पडू लागले. दारूगोळ्याच्या कारखान्यांतील ढिलाईचे खापर लॉइड जॉर्ज यांनी दारूवर फोडले. जर्मन पाणबुड्यांपेक्षा मद्याने देशाचे अधिक नुकसान होत आहे, अशा आशयाचे भाषण त्यांनी फेब्रुवारीत बँगर येथे केले. एप्रिलमध्ये राजे पाचवे जॉर्ज यांनी युद्ध संपेपर्यंत राजवाड्यात मद्य वर्ज्य केले. मंत्रिमंडळातील बहुतेकांनी हा कित्ता गिरवला नाही.

१५/
त्याच वर्षी मद्यव्यवहारावर केंद्रीय नियंत्रण मंडळ नेमले गेले. युद्धापूर्वी लंडनचे पब पहाटे पाचपासून मध्यरात्रीनंतर साडेबारापर्यंत उघडे असत. आता सर्वसाधारणपणे दुपारी अडीच आणि संध्याकाळी तीन, असे जेमतेम साडेपाच तास उरले. दुपारी पब बंद ठेवण्याची ही युद्धकालीन पद्धत इंग्लंडमध्ये १९८८ पर्यंत टिकली. तोफा थंडावल्यावरही सत्तर वर्षे तिचे पडसाद दुपारच्या बंद दारांवर उमटत राहिले.

१६/
मंडळाने मित्राला पेला पाजण्यावरही बंदी घातली. ज्याची त्याने घ्यावी, ज्याचे त्याने द्यावे! आळीपाळीने सर्वांसाठी पेले मागवण्याची ब्रिटिश रीत काही काळ गुन्हा ठरली. स्कॉटलंडच्या सीमेवरील ग्रेटना येथे कॉर्डाइटचा प्रचंड कारखाना उभा राहिला. तेथील कामगारांची गर्दी कार्लाइल शहराकडे वळू लागली, तेव्हा १९१६ मध्ये सरकारने त्या भागातील ब्रुअरी आणि पब ताब्यात घेतले. हा सरकारी कारभार १९७० च्या दशकाच्या आरंभापर्यंत चालला.

१७/
खरा आघात १९१७ चा. फेब्रुवारीत जर्मनीने निर्बंधमुक्त पाणबुडीयुद्ध पुकारले आणि धान्याची जहाजे बुडू लागली. बार्ली बिअरसाठी की पावासाठी, असा प्रश्न उभा राहिला. युद्धापूर्वी वर्षाला सुमारे साडेतीन कोटी प्रमाण पिंपे बिअर होत असे. ती एक कोटीवर आणण्याचा आदेश निघाला. कारखान्यांत कुरबुर सुरू झाली. औद्योगिक असंतोषाची चौकशी करणाऱ्या आयोगाने बिअरच्या टंचाईची नोंद त्याच्या कारणांमध्ये घेतली.

१८/
सरकारने मधला मार्ग काढला. उत्पादनाची मर्यादा थोडी सैल केली, पण बिअरचा मोठा हिस्सा १०३६ घनतेच्या आत असावा अशी अट घातली. तेवढ्याच बार्लीत अधिक पेले भरण्याचा हा हिशेब होता. १९१८ मध्ये ब्रिटनसाठी सरासरी घनता १०३० ठरली. आयर्लंडला १०४५ ची सवलत मिळाली. लोकांनी या पेयाला ‘सरकारी एल’ असे कुत्सित नाव दिले. गायनरंगमंचावर लॉइड जॉर्ज यांच्या बिअरची थट्टा करणारी गाणी झाली.

१९/
आकडे बोलके आहेत. इंग्लंड आणि वेल्समध्ये मद्यधुंदपणाबद्दल १९१३ मध्ये सुमारे १,८९,००० जणांना शिक्षा झाली; १९१८ मध्ये ती संख्या सुमारे २९,००० होती. मद्यविरोधकांनी हा धोरणाचा विजय मानला. पण त्या वर्षी लाखो तरुण पुरुष गावात नव्हतेच. ते फ्रान्स आणि फ्लँडर्सच्या खंदकांत होते. घटीचे सारे श्रेय पातळ बिअरला देणे इतिहासाला धरून होणार नाही.

२०/
युद्ध संपले, नियंत्रणे सैल झाली. बिअर मात्र पूर्ववत झाली नाही. उत्तर करात आहे. १९१८ मध्ये ५० शिलिंग, १९१९ मध्ये ७०, १९२० मध्ये १००. युद्धपूर्व ७ शिलिंग ९ पेन्सच्या जवळजवळ तेरा पट! युद्धकर्जे फेडणाऱ्या सरकारला हे उत्पन्न सोडवेना. जुन्या तीव्रतेची बिअर पूर्वीच्या गिऱ्हाइकाला परवडेना. १९२० च्या दशकात सरासरी घनता १०४३ च्या आसपास स्थिरावली. १०५२ चे दिवस गेले ते गेलेच.

२१/
इथून पुढची कथा कारागिरांची आहे. कमी साखरेचा काढा म्हणजे पाणचट बिअर. तिला अंग कसे द्यावे? मुरवणीचे तापमान थोडे वाढवले की यीस्टला न पचणारी साखर मागे उरते आणि घोटाला भरीवपणा येतो. ‘क्रिस्टल माल्ट’ या खरपूस भाजलेल्या माल्टची मूठभर भर टॉफीसारखी चव आणि तांबूस छटा देते. पिंप बंद करताना त्यात थोडी कोरडी हॉप्सफुले टाकली की सुगंध ताजा राहतो. ही तंत्रे आधीही होती. आता त्यांच्यावाचून गत्यंतर उरले नाही.

२२/
दुसरी भिस्त जिवंत पिंपावर. अस्सल बिटर पिंपात भरली जाते तेव्हा तिच्यात यीस्ट जिवंत असते. पबच्या तळघरात, ११ ते १३ अंश सेल्सिअसला, तिचे किण्वन हळूहळू चालू राहते. माशाच्या वायुपिशवीपासून केलेला ‘आयझिंग्लास’ यीस्टला तळाशी बसवतो. बाहेरून वायू भरत नाहीत. तळघरातून ती वर आणणाऱ्या हातपंपाचे एकस्व जोसेफ ब्रामा यांनी १७९७ मध्ये घेतले होते. काउंटरवरची मूठ ती हीच.

२३/
अशा बिटरची चव घेण्याची एक रीत आहे. ती बर्फासारखी थंड नको. थंडीने जीभ बधिर होते आणि माल्ट मुका होतो. आधी पेला उजेडात धरावा: रंग मधापासून तांब्यापर्यंत, बिअर आरस्पानी. मग वास: केंटमधील गोल्डिंग्ज किंवा फगल जातीच्या हॉप्सचा सुकल्या गवतासारखा, किंचित मातकट, किंचित संत्र्याच्या सालीसारखा गंध. त्याच्या मागे बिस्किटासारखा माल्ट.

२४/
पहिला घोट सौम्य वाटतो. नवख्याला तो ‘गेलेली’ बिअर वाटतो, कारण बुडबुडे जिभेला टोचत नाहीत. मधल्या टप्प्यावर माल्टची गोडी येते आणि लगेच मागे सरते. घोट गिळल्यावर कडवटपणा जिभेच्या मागच्या भागावर पसरतो आणि कोरडा होत मावळतो. त्या कोरडेपणामुळे पुढचा घोट घ्यावासा वाटतो. कारल्याच्या भाजीतला हवाहवासा कडूपणा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

२५/
आठ टक्क्यांच्या बिअरमध्ये मद्यार्काची ऊब अनेक दोष झाकते. साडेतीन टक्क्यांत लपायला जागा नाही. जुने हॉप्स, आजारी यीस्ट, अस्वच्छ नळी, चार दिवस उघडे राहिलेले पिंप, सारे पहिल्या घोटात उघडे पडते. म्हणून हलकी आणि तरीही चवदार बिअर करणे कठीण काम मानले जाते. हुक नॉर्टनची ३.५ टक्क्यांची हुकी किंवा हार्वीजची ४ टक्क्यांची ससेक्स बेस्ट ही त्या कसबाची परिचित उदाहरणे आहेत.

२६/
हलकेपणाला सामाजिक उपयोगही होता. चार मित्र बसले की प्रत्येकाने एकेक फेरी मागवायची, म्हणजे प्रत्येकी चार पाइंट. एक पाइंट म्हणजे ५६८ मिलिलिटर. साडेपाच टक्क्यांच्या चार पाइंटांत सुमारे १२५ मिलिलिटर शुद्ध मद्यार्क जातो. साडेतीन टक्क्यांच्या चारांत सुमारे ८०. दोन्ही प्रमाणे आरोग्यदृष्ट्या थोडी नाहीत. पण गप्पा शुद्धीत संपाव्यात, एवढा फरक त्यांत निश्चित आहे. सरकारने लादलेली घनता अशा रीतीने फेऱ्यांच्या रिवाजात मुरली.

२७/
करांचा खेळ चालूच राहिला. १९३१ च्या आर्थिक संकटात फिलिप स्नोडन यांनी बिअरचा कर वाढवला. खप इतका घसरला की १९३३ मध्ये नेव्हिल चेंबरलेन यांना तो उतरवावा लागला. त्या बदल्यात उत्पादकांनी पाइंटमागे एक पेनी उतरवण्याचे आणि घनता दोन अंशांनी वाढवण्याचे मान्य केले. दुसऱ्या महायुद्धात शिधापत्रिका आल्या, पण बिअर शिधावाटपात गेली नाही. तिची किंमत घनतेने मोजली: सरासरी १०३५ च्या आसपास उतरली.

२८/
म्हणजे १९५० च्या सुमारास पब चालवणाऱ्या पिढीने हलक्या बिअरखेरीज दुसरी ‘रोजची’ बिअर पाहिलीच नव्हती. युद्धातील तडजोड परंपरा बनली होती. १९६० च्या दशकात बिटरने माइल्डला खपात मागे टाकले. त्याच वेळी नवे संकट आले: गाळून, पाश्चरीकरण करून, वायू भरून पोलादी ‘केग’मध्ये दिलेली बिअर. ती टिकाऊ होती, वाहतुकीला सोपी होती आणि सगळीकडे सारखीच लागत असे. वॉटनीजची रेड बॅरल हे तिचे गाजलेले रूप.

२९/
मार्च १९७१ मध्ये आयर्लंडमधील डनक्विन या गावी सुटीवर गेलेल्या चार इंग्रज तरुणांनी एक चळवळ स्थापन केली. मायकेल हार्डमन, ग्रॅहम लीस, जिम मेकिन आणि बिल मेलर ही त्यांची नावे. ‘कॅमरा’ हे चळवळीचे. जिवंत पिंपातील एल वाचवणे हे तिचे ध्येय. १९७४ मध्ये तिची पहिली छापील पब-मार्गदर्शिका आली. गंमत अशी की परंपरेच्या नावाने त्यांनी जी हलकी बिटर वाचवली, तिचे रूप जेमतेम दोन पिढ्यांपूर्वी युद्धाने घडवले होते.

३०/
म्हणून ती परंपरा खोटी ठरते का? नाही. इतिहासात परंपरा बहुधा अशाच घडतात. वरून आलेली सक्ती काही काळ निमूट सोसली जाते, मग हातांना तिची सवय होते, कारागीर तिच्यात सौंदर्य शोधतो आणि नातवंडे तिला वारसा म्हणू लागतात. १९१८ ची ‘सरकारी एल’ आणि १९७१ ची ‘अस्सल एल’ यांच्या घनतेत फारसे अंतर नव्हते. अंतर होते ते मधल्या अर्धशतकाच्या कसबाचे.

३१/
कर अजूनही कृती लिहितोच आहे. १९९३ मध्ये कराचा पाया मूळ घनतेवरून प्रत्यक्ष मद्यार्कावर आला. २०११ मध्ये २.८ टक्क्यांपर्यंतच्या बिअरचा कर निम्मा केला गेला. १ ऑगस्ट २०२३ पासून नवी रचना लागू झाली: ३.५ टक्क्यांच्या खालच्या बिअरला, शुद्ध मद्यार्कामागे, वरच्या गटाच्या निम्म्याहूनही कमी कर. परिणामी ३.६ किंवा ३.८ टक्क्यांच्या काही बिअर अचानक ३.४ टक्क्यांच्या झाल्या. १९१७ ची चाल, शंभर वर्षांनी पुन्हा.

३२/
धोका मात्र वेगळ्या दिशेने आहे. नऊ गॅलनच्या छोट्या पिंपात सुमारे ७२ पाइंट असतात आणि ते उघडल्यावर तीनेक दिवसांत संपावे लागतात. गिऱ्हाइके रोडावली की पिंप शिळे होते, शिळी बिटर प्यायलेला माणूस पुन्हा ती मागत नाही, आणि पब हातपंप काढून टाकतो. तीव्र बिअर बाटलीत वर्षानुवर्षे जपता येते. साडेतीन टक्क्यांची जिवंत बिटर जपता येत नाही; ती रोज नव्याने करावी आणि रोज प्यायली जावी लागते.

३३/
२०२४ मध्ये बर्टनमधील मार्स्टन्स ब्रुअरीने आपली ‘युनियन’ पद्धतीची लाकडी पिंपे, जी त्या गावात शेवटची उरली होती, वापरातून काढली. त्यांतील एक संच डर्बीशायरच्या थॉर्नब्रिज ब्रुअरीने नेला आणि पुन्हा कामाला लावला. तो संग्रहालयात गेला असता तर लाकूड टिकले असते. ब्रुअरीत गेल्यामुळे त्यातून बिअरही वाहते आहे. पुरातन वस्तू आणि जिवंत रीत यांच्या जतनातला फरक एवढाच असतो, पण तो मोठा असतो.